संवाद कुणी शिकायचा? इचिकावाची विद्यापीठे आणि न्यूरोडायव्हर्जंट विद्यार्थी

समोरच्याचे बोलणे संपत आले हे ओळखणे, आपली पाळी कुठे सुरू होते ते जाणणे, नाते न तोडता नकार देणे, अडल्यावर मदत मागणे, गटात खटका उडाला तर तो बोलून मिटवणे, अनोळखी माणसाशी दोन वाक्यांपलीकडे बोलणे चालू ठेवणे. या सगळ्यांना मिळून मानसशास्त्रात सामाजिक कौशल्ये म्हणतात. शाळेत असताना यांतली बरीचशी कामे दुसरे कुणीतरी परस्पर करून टाकते. बाक ठरलेला असतो, वर्गमित्र वर्षानुवर्षे तेच असतात आणि काही बिनसलेच तर वर्गशिक्षक किंवा आईवडील मध्ये पडतात. विद्यापीठात हा आधार एकदम निघून जातो. कोणते विषय घ्यायचे, कुणाबरोबर प्रकल्प करायचा, प्राध्यापकांना कधी आणि कशा शब्दांत गाठायचे, हे सारे ज्याचे त्याने पाहायचे असते. त्यामुळे बारावीपर्यंत चांगले गुण मिळवणाऱ्या अनेक मुलामुलींची अडचण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा उघडी पडते.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता, हालचालींच्या समन्वयातील अडचण अशा जन्मजात वेगळेपणासह जगणाऱ्यांना आज न्यूरोडायव्हर्जंट म्हटले जाते, तर बहुसंख्यांच्या साच्यात बसणाऱ्यांना न्यूरोटिपिकल. हे शब्द दवाखान्यातून आलेले नाहीत. १९९० च्या दशकात स्वमग्न व्यक्तींनीच उभ्या केलेल्या चळवळीत ते रुजले. जपानचा कायदा मात्र ‘विकासात्मक अपंगत्व’ असा शब्दप्रयोग करतो आणि त्यात ऑटिझम, एडीएचडी व अध्ययन अक्षमता या तिन्हींचा समावेश होतो. या विद्यार्थ्यांना सामाजिक कौशल्ये कमी असतात, असे फार काळ गृहीत धरले गेले. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या संशोधनाने या गृहीतकालाच हात घातला आहे. संवाद फसतो तेव्हा दोष एका बाजूचाच असतो का, हा प्रश्न आता टाळता येत नाही.

या प्रश्नाचा माग काढायला जपानमधले इचिकावा हे विलक्षण योग्य गाव आहे. चिबा प्रांताच्या पश्चिम टोकाला, एदो नदीच्या काठी ते वसले आहे. नदी ओलांडली की तोक्यो. गावाच्या उत्तरेला कोनोदाई नावाची टेकडी आहे. प्राचीन काळी शिमोसा प्रांताचा कारभार इथून चाले, नंतर इथे लष्कराच्या छावण्या आल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या जागी शाळा व महाविद्यालये आली. आज चिबा वाणिज्य विद्यापीठ आणि वायो महिला विद्यापीठ ही दोन खासगी विद्यापीठे टेकडीवर शेजारीशेजारी आहेत. तोक्यो वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे वर्गही इथेच भरत आले. ते विद्यापीठ आणि तोक्यो तंत्रविज्ञान संस्था ऑक्टोबर २०२४ मध्ये एकत्र झाल्या आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स तोक्यो’ हे नवे राष्ट्रीय विद्यापीठ जन्मले. कर्णबधिर मुलांसाठीची त्सुकुबा विद्यापीठाची शाळाही याच टेकडीवर आहे.

मनोविकारशास्त्राशी कोनोदाईचे नाते त्याहून जुने आहे. युद्धकाळात इथले लष्करी रुग्णालय मानसिक आघाताने खचलेल्या सैनिकांवर उपचार करणारे प्रमुख केंद्र होते. शरणागतीनंतर लष्करी कागदपत्रे जाळण्याचे आदेश निघाले, तरीही इथल्या सुमारे आठ हजार रुग्णांच्या नोंदी वाचल्या. १९५२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली ती याच परिसरात. त्याच वर्षी नागोयामध्ये वाशिमी ताएको या मनोविकारतज्ज्ञ महिलेने ऑटिझम असलेल्या मुलाची जपानमधली पहिली नोंद वैद्यकीय परिषदेत मांडली. कोनोदाईच्या रुग्णालयातला बालमनोविकार विभाग पुढे देशभर नावाजला गेला. तिथले साइतो काझुहिको यांच्या नेतृत्वाखाली, वर्षानुवर्षे घराबाहेर न पडणाऱ्या ‘हिकिकोमोरी’ तरुणांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये तयार झाली. अशा तरुणांपैकी काहींच्या मुळाशी न ओळखले गेलेले विकासात्मक वेगळेपण असते, याकडे त्या दस्तऐवजाने ठामपणे लक्ष वेधले. विद्यापीठ अर्धवट सोडणे आणि घराचे दार लावून घेणे यांच्यातले अंतर कधी कधी फार थोडे असते. म्हणून हा विषय केवळ शिष्टाचाराचा नाही.

गावात याहूनही आधीचा एक दुवा आहे. १९२८ मध्ये कुबोदेरा यासुहिसा यांनी इचिकावात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘यावाता गाकुएन’ ही निवासी संस्था सुरू केली. १९३४ मध्ये बारा वर्षांचा यामाशिता कियोशी तिथे आला. शाळेत त्याची टर उडवली जाई आणि तोही अंगावर धावून जाई. संस्थेत त्याला रंगीत कागदाचे बारीक तुकडे फाडून चिकटवण्याची कला सापडली. वासेदा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोगावा युकिओ यांनी या मुलांच्या कामाचा अभ्यास केला आणि त्याचे प्रदर्शन भरवले. इचिकावातच रुग्णालय चालवणारे मनोविकारतज्ज्ञ शिकिबा र्‍यूझाबुरो यांनी पुढे यामाशिताची ओळख साऱ्या देशाला करून दिली. १९४० मध्ये हा तरुण संस्थेतून निघाला आणि पुढची अनेक वर्षे पायी जपानभर हिंडला. कुणाच्या दारात जेवण मागायचे, कुठे रात्र काढायची, हे तो लोकांशी बोलूनच मिळवत होता. परतल्यावर पाहिलेली दृश्ये तो आठवणीतून चित्रात उतरवी. १९७१ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्यावर मागाहून एखादे निदान चिकटवणे योग्य नाही. पण शाळेच्या वर्गात ज्याला कुणाशीच जुळवता आले नाही, तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसांशी जुळवून घेऊ शकला, ही नोंद महत्त्वाची आहे. एखाद्याच्या सामाजिक कौशल्याबद्दल निवाडा देताना तो कुठे, कुणाबरोबर आणि कुणाच्या अटींवर वावरत होता, हे पाहावेच लागते.

जपानी विद्यापीठाच्या अटी बऱ्याच कडक असतात आणि त्यांतल्या बहुतेक कुठेही लिहिलेल्या नसतात. पहिल्या वर्षापासून गटचर्चा असते. वरच्या वर्षांत ‘झेमी’ सुरू होते. एक प्राध्यापक, मोजके विद्यार्थी, टेबलाभोवतीची बैठक आणि आठवड्याला कुणाचे तरी सादरीकरण, असे तिचे रूप असते. अशा टेबलाशी नीट पाहिले तर बोलणाऱ्याइतकेच ऐकणारेही काम करताना दिसतात. वाक्य पुरे व्हायच्या आतच ‘हं’, ‘हो’, ‘खरंच’ असे हुंकार आणि मान डोलावणे चालू असते. जपानी संभाषणात हे हुंकार इतके दाट असतात की ते थांबले तर बोलणारा चाचरतो. आपले काही चुकले का, असे त्याला वाटू लागते. स्वमग्न विद्यार्थी पुष्कळदा टेबलाकडे किंवा खिडकीकडे पाहत, निश्चल राहून, सगळे बारकाईने ऐकत असतो. त्याने शब्दन्‌शब्द टिपलेला असतो, पण समोरच्यापर्यंत पोचते ती त्याची बेपर्वाई. एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्याचे उलटे होते. मनात आलेला मुद्दा निसटेल या भीतीने तो वाक्य मधेच तोडतो आणि ऐकणाऱ्यांना त्यात उद्धटपणा दिसतो. मग सारे गप्प होतात. त्या शांततेचा अर्थ कुणी त्याला समजावून सांगत नाही, कारण तो आपण होऊन कळावा अशीच अपेक्षा असते.

टेबलाबाहेरही तेच. विद्यार्थी मंडळे, वरिष्ठ-कनिष्ठांचे नाते, आदरार्थी भाषेच्या पायऱ्या, झेमीनंतरचे एकत्र खाणेपिणे, दुकानातली अर्धवेळ नोकरी या सगळ्यांतून मैत्री तर होतेच, पण त्याहून ठोस काही हाती लागते. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका, कोणत्या प्राध्यापकांना निबंध कसा लागतो याची कुजबुज, रद्द झालेल्या तासाची बातमी अशी माहिती वरिष्ठांकडून कनिष्ठांकडे झिरपते. ती सूचनाफलकावर लागत नाही. ज्याला मंडळात जाणे जमत नाही त्याचा एकटेपणा वाढतो आणि गुणही घसरतात. सामाजिक अडचण अभ्यासाच्या अडचणीत बदलते ती अशी, आणि विद्यापीठाच्या कागदोपत्री केवळ दुसरीच नोंदली जाते.

कौशल्य मोजायचे कसे, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. जपानमध्ये किकुची आकिओ यांनी १९८८ मध्ये मांडलेली अठरा विधानांची ‘किस-१८’ ही प्रश्नावली विद्यार्थ्यांवर सर्रास वापरली जाते. स्वमग्नतेशी जुळणारे गुण मोजण्यासाठी केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पन्नास विधानांची ‘एक्यू’ चाचणी तयार केली. तिची जपानी आवृत्ती चिबा विद्यापीठातले वाकाबायाशी आकिओ यांनी सिद्ध केली. मूळ अभ्यासात केंब्रिजच्या ८४० विद्यार्थ्यांनी ती चाचणी दिली होती. विज्ञान व गणित शिकणाऱ्यांचे गुण मानव्यविद्या शिकणाऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त आले. जपानी अभ्यासातही एक हजारावर विद्यार्थी होते आणि कल तसाच दिसला. यातून एक गोष्ट सूचित होते. निदान झालेले आणि न झालेले यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. न्यूरोटिपिकल म्हणवणाऱ्या काही विद्यार्थ्यांचे गुणही निदान झालेल्यांच्या गुणांच्या आसपास असतात. त्यांना कुठलेही प्रमाणपत्र मिळत नाही, पण झेमीच्या टेबलाशी त्यांचाही घसा कोरडा पडतो.

या चाचण्यांत उत्तरे विद्यार्थी स्वतःबद्दल देतो, ही त्यांची कमजोर बाजू आहे. आयुष्यभर ‘तुला जमत नाही’ असे ऐकलेला मुलगा स्वतःला कमी गुण देतो. कुणी कधीच न टोकलेला मुलगा स्वतःला जास्त देतो. कौशल्य माहीत नसणे, माहीत असून ऐन वेळी न वापरता येणे आणि वापरूनही समोरच्याला ते न पटणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नावलीवर मात्र तिन्हींचा एकच आकडा येतो.

भेद निदानांतही आहेत आणि ते पुसून टाकले की मदत चुकीच्या जागी जाते. एडीएचडी असलेल्या बहुतेकांना संवादाचे नियम पाठ असतात. त्यांचे अडते ते थांबण्यापाशी, वेळेच्या भानापाशी आणि दिलेला शब्द लक्षात ठेवण्यापाशी. मित्राला तासभर ताटकळत ठेवणे हा त्यांच्यापुरता स्मरणाचा आणि नियोजनाचा प्रश्न असतो, मित्रासाठी तो नात्याचा प्रश्न ठरतो. अध्ययन अक्षमता असलेल्यांची अडचण मुळात अक्षर-अंकांशी असते. पण सर्वांसमोर वाचायची वेळ येऊ नये म्हणून ते गट टाळतात आणि अबोल ठरतात. स्वमग्न विद्यार्थ्यांत आवाज, उजेड आणि गर्दीचा त्रास हाही मोठा भाग असतो. उपाहारगृहाच्या गोंगाटात एकाचे बोलणे वेगळे काढून ऐकणे त्यांना थकवणारे ठरते. शांत खोलीत तोच विद्यार्थी तासभर रंगून बोलू शकतो. २०१३ पासून अमेरिकी निदानपद्धतीने ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीत मान्य केली. त्यामुळे अशी सरमिसळ अनेकांत असते हे कागदावरही आले.

संवादाच्या दुसऱ्या टोकाकडे लक्ष वळवण्याचे श्रेय बरेचसे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांचे आहे. ते स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ मध्ये त्यांनी असे मांडले की स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, तसे इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाही. अडचण दुहेरी आहे, पण सुधारण्याची जबाबदारी मात्र एकावरच टाकली जाते. ही मांडणी प्रयोगात उतरली ती पुढच्या काही वर्षांत. अमेरिकेत नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये स्वमग्न आणि बिगरस्वमग्न व्यक्तींच्या बोलण्याचे छोटे तुकडे तटस्थ प्रेक्षकांना दाखवले. प्रेक्षकांनी काही सेकंदांत मत बनवले. स्वमग्न व्यक्तींच्या शेजारी बसायला किंवा त्यांच्याशी बोलायला ते कमी राजी होते. ध्वनिफीत असो, चित्रफीत असो की स्थिर छायाचित्र, कल तोच राहिला. मात्र तेच बोलणे नुसते कागदावर लिहून दिल्यावर हा फरक नाहीसा झाला. म्हणजे बोलण्याचा आशय तोडीस तोड होता आणि नापसंती होती ती सूर, चेहरा व हालचाल यांना. निदान आधी सांगितले तर मत सुधारते, हेही याच गटाने पुढे दाखवले. यातून एक शक्यता पुढे येते. विद्यापीठात एकटे पडण्यामागे सोबत्यांच्या चटकन बनणाऱ्या मतांचाही वाटा असू शकतो आणि ती मते माहिती मिळाल्यावर बदलू शकतात.

एडिंबरामध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या गटाने २०२० मध्ये केलेला प्रयोग अधिक गाजला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटी किती तपशील उरतो ते मोजायचे. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत तपशील बिगरस्वमग्न साखळीइतकाच टिकला. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. दुहेरी अडचणीचा हा पुरावा म्हणून जगभर सांगितला जाऊ लागला. मात्र २०२५ मध्ये त्याच संशोधकांनी ३११ प्रौढांवर तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तिन्ही प्रकारच्या साखळ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मिश्र गटात माहिती हरवतेच, हे विधान आता तितक्या जोरात करता येणार नाही. पण स्वमग्न व्यक्ती माहिती पोचवण्यात उण्या असतात, या जुन्या समजुतीला दोन्ही वेळा आधार मिळाला नाही, आणि विद्यापीठांसाठी हाच भाग कामाचा आहे. जपानमधून कोमेदा हिदेत्सुगु यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासाची दिशाही जवळची आहे. स्वमग्न प्रौढांनी स्वमग्न व्यक्तींचे वर्णन करणारी वाक्ये वाचली तेव्हा सहानुभावाशी निगडित मेंदूचे भाग अधिक सक्रिय झाले. प्रत्येक गटात केवळ पंधरा जण होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधता येत नाही.

स्वीकार होत नाही तेव्हा माणूस सोंग घेतो. डोळ्याला डोळा भिडवण्याचा सराव करणे, वाक्ये आधीच घोकून ठेवणे, इतरांचे हसणे पाहून हसणे, याला संशोधक मुखवटा चढवणे म्हणतात. ज्या समाजात न बोलता ओळखण्याला इतके मोल आहे, तिथे मुखवट्याची गरज वाढते. मुलींमध्ये तो जास्त आढळतो आणि त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होते. ऑटिझममध्ये मुलगे आणि मुली यांचे प्रमाण पूर्वी चारास एक मानले जाई. २०१७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणाने ते तीनास एकच्या जवळ आणले आणि मुलींचे निदान निसटत असल्याचा इशारा दिला. वायोसारख्या महिला विद्यापीठांच्या दृष्टीने हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. शांत, नीटनेटकी, वेळेवर निबंध देणारी आणि वसतिगृहावर परतल्यावर अंथरुणातून उठू न शकणारी विद्यार्थिनी कुठल्याच चाळणीत अडकत नाही. ब्रिटनमध्ये सारा कॅसिडी यांच्या गटाने २०१८ मध्ये मुखवटा आणि आत्महत्येचे विचार यांच्यात संबंध दाखवला. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यातून ठरत नाही, पण वरवर जमवून घेतलेले दिसणे म्हणजे बरे असणे नव्हे, इतके त्यातून कळते.

प्रशिक्षणाचा मार्ग जपानमध्ये तसा जुना आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिबरमन १९८८ मध्ये जपानला आले आणि त्यानंतर सामाजिक कौशल्य प्रशिक्षण देशभर पसरले. १९९४ पासून रुग्णालयातल्या अशा प्रशिक्षणाला आरोग्य विम्याचा आधारही मिळाला. सुरुवातीला ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी होते, पुढे शाळा आणि विद्यापीठांत शिरले. एक प्रसंग निवडायचा, भूमिका वाटून तो करून पाहायचा, काय चांगले झाले ते आधी सांगायचे, मग एखादी सुधारणा सुचवायची आणि घरी सराव द्यायचा, असा त्याचा क्रम असतो. लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ लॉगेसन यांनी उभारलेला ‘पीअर्स’ हा कार्यक्रम किशोर व तरुणांसाठी सर्वांत जास्त तपासला गेला आहे. किशोरांसाठीची त्याची जपानी आवृत्ती २०२० मध्ये तपासून प्रसिद्ध झाली. निकाल उत्साह वाढवणारे आहेत, पण अभ्यास लहान आहेत. तरुणांवरच्या पहिल्या नियंत्रित चाचणीत अवघे १७ जण होते. गटप्रशिक्षणाच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात आणखी एक मर्यादा दिसली. मुलांना आपण सुधारलो असे वाटते ते मुख्यतः नियम कळल्यामुळे. शिक्षकांना मात्र वर्गातल्या वागण्यात तसा फरक दिसत नाही. मुलाखतीला कसे बसावे, निरोप कसा लिहावा, अशा ठरावीक प्रसंगांसाठी प्रशिक्षण उपयोगी पडते. मैत्री त्यातून आपोआप उगवत नाही, आणि त्याचा सूर ‘बहुसंख्यांसारखे दिसा’ असा झाला तर ते मुखवट्याचीच शिकवणी ठरते.

जपाननेच घडवलेली दुसरी वाट अधिक आश्वासक वाटते. होक्काइदोतल्या उराकावा गावी मानसिक आजारातून गेलेल्यांचे ‘बेतेरु’ नावाचे घर १९८४ मध्ये उभे राहिले. तिथे २००१ मध्ये ‘तोजिशा केंक्यू’ सुरू झाले, म्हणजे ज्याचा त्रास त्यानेच सोबत्यांच्या मदतीने त्याचा अभ्यास करायचा. स्वमग्न असलेल्या आयाया सात्सुकी आणि सेरेब्रल पाल्सीसह जगणारे डॉक्टर कुमागाया शिनइचिरो यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत विकासात्मक अपंगत्वाच्या क्षेत्रात आणली आणि पुढे तोक्यो विद्यापीठात ती संशोधनाची शाखा म्हणून वाढवली. यात ‘तू कुठे चुकलास’ असे विचारले जात नाही. कोणत्या वेळी, कोणत्या आवाजात, किती माणसांत आपले काय होते, हे गट मिळून शोधतो. तोयामा विद्यापीठाने २००७ पासून उभ्या केलेल्या मदतकक्षातही विद्यार्थ्याची स्वतःची कहाणी ऐकून घेण्यावर भर राहिला. मूल्यमापनाच्या कसोट्यांवर अशा पद्धती अजून पुरेशा तपासल्या गेलेल्या नाहीत. तरी विद्यार्थ्याला आपली गरज शब्दांत मांडता येणे हेच त्यांचे फळ असते, आणि पुढच्या हक्कांसाठी लागते नेमके तेच.

हक्कांचा इतिहास छोटा आहे. विकासात्मक अपंगत्व असलेल्यांसाठीचा साहाय्य कायदा डिसेंबर २००४ मध्ये मंजूर होऊन एप्रिल २००५ पासून लागू झाला. त्यात विद्यापीठांनी योग्य शैक्षणिक काळजी घ्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. अपंगांविरुद्धचा भेदभाव रोखणारा देशातला पहिला प्रांतिक नियम केला तो चिबाने. तो ऑक्टोबर २००६ मध्ये मंजूर झाला आणि पुढच्या जुलैपासून लागू झाला. त्याचा भर शिक्षेपेक्षा सल्लामसलत आणि समेटावर आहे. देशपातळीवरचा भेदभावविरोधी कायदा एप्रिल २०१६ पासून अमलात आला, पण त्यात एक भेद होता. वाजवी सवलत देणे सरकारी आणि राष्ट्रीय संस्थांना सक्तीचे होते, तर खासगी संस्थांना त्यासाठी केवळ प्रयत्न करायचा होता. एप्रिल २०२४ मध्ये हा भेद संपला. तोवरची आठ वर्षे कोनोदाईच्या एकाच टेकडीवर राष्ट्रीय विद्यापीठाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचा हक्क आणि शेजारच्या खासगी विद्यापीठातल्या विद्यार्थिनीची विनंती यांना कायद्याच्या लेखी वेगवेगळे वजन होते.

आकडे झपाट्याने वाढले आहेत. जपानच्या विद्यार्थी साहाय्य संस्थेच्या पाहणीत २००६ मध्ये उच्च शिक्षणातले अपंग विद्यार्थी पाच हजारांच्या आत होते. २०२२ मध्ये ते ४९,६७२ झाले आणि त्यांत विकासात्मक अपंगत्वाची नोंद असलेले दहा हजारांहून अधिक होते. तरीही त्या वर्षी एकूण विद्यार्थ्यांत अपंगांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. शिक्षण मंत्रालयाच्या २०२२ च्या पाहणीत प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या नेहमीच्या वर्गांत ८.८ टक्के मुलांना शिकण्यात किंवा वागण्यात लक्षणीय अडचण असल्याचे शिक्षकांनी नोंदवले होते. दोन्ही पाहण्यांचे निकष वेगळे आहेत, पण एवढ्या मोठ्या तफावतीतून असा अंदाज करता येतो की पुष्कळ मुले वाटेत गळत असावीत किंवा विद्यापीठात पोचूनही गप्प राहत असावीत. ज्यांची नोंद होते त्यांना मिळणारी नेहमीची मदत म्हणजे प्राध्यापकांना द्यायचे पत्र. त्यात सूचना लेखी द्या, ऐन वेळी नाव घेऊन प्रश्न विचारू नका, गटात कामांची वाटणी स्पष्ट करा अशा गोष्टी असतात. या साध्या बदलांनी न्यूरोटिपिकल विद्यार्थ्यांचेही काहीच बिघडत नाही. चर्चेचे नियम उघड बोलून ठरवले तर लाजाळू मुलाला, परदेशी विद्यार्थ्याला आणि घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्यालाही त्याचा फायदा होतो.

शेवटची कसोटी नोकरीची. जपानमध्ये बहुतेक भरती शिक्षण संपण्याआधीच होते आणि तिच्यात गटचर्चा व मुलाखतींच्या फेऱ्यांना निर्णायक महत्त्व असते. त्यामुळे उत्तम निबंध लिहिणारा विद्यार्थी इथे अडकतो. दुसरा रस्ता अपंगांसाठीच्या राखीव जागांचा. खासगी कंपन्यांवरचे हे राखीव भरतीचे बंधन एप्रिल २०२४ पासून २.५ टक्के आणि जुलै २०२६ पासून २.७ टक्के असे ठरले आहे. त्यासाठी मानसिक अपंगत्वाचे ओळखपुस्तक काढावे लागते. बावीस वर्षांच्या मुलाला आपले निदान मालकापुढे मांडायचे की लपवायचे, हा निर्णय तेव्हा घ्यावा लागतो. त्यात त्याला सोबत देणारे समुपदेशक सगळ्या विद्यापीठांत पुरेसे नाहीत.

हक्कांच्या याच बाबतीत भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश केला आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. एडीएचडी मात्र त्या यादीत नाही. जपानच्या कायद्याशी तुलना करता ही मोठी उणीव आहे. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या शाळकरी मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या त्या १९९६ पासून, आणि मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या केंद्रासारख्या सार्वजनिक रुग्णालयांनी त्यांची तपासणी व प्रमाणपत्रे यांचा भार उचलला. वाढीव वेळ, लेखनिक, गणिताऐवजी दुसरा विषय या सवलती लेखी परीक्षेपुरत्या आहेत. महाविद्यालयातला गटप्रकल्प, तोंडी परीक्षा आणि कॅम्पस मुलाखत यांना त्या शिवतही नाहीत.

पुन्हा इचिकावाकडे वळू. एदो नदीच्या तोक्योकडच्या बाजूचे निशिकासाई आणि इचिकावातले ग्योतोकु ही दोन्ही स्थानके तोझाई या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांमुळे या पट्ट्यात भारतीय कुटुंबे, त्यांत मराठीही, स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलांना घरात एक, शाळेत दुसरी आणि पुढे विद्यापीठात तिसरी संवादरीत सांभाळावी लागते. अशा मुलाचे अडखळणे भाषेमुळे, संस्कृतीमुळे की विकासात्मक वेगळेपणामुळे, हे ठरवणे कठीण असते आणि ते कारण लवकर भाषेवर ढकलले जाते. अशा वेळी तपासणी त्याच्या घरच्या भाषेतही व्हावी लागते. मूल मराठीत बोलताना, आजीशी किंवा चुलतभावाशी फोनवर बोलताना कसे असते, ही माहिती आईवडिलांनी डॉक्टरांना आणि पुढे विद्यापीठाच्या मदतकक्षालाही द्यायला हवी.